आगर आहे तसे राखावे

कांदळपाड्याच्या नगरसुधार समितीत तांबडी पेन्सिल झिजून बोटाएवढी उरली होती आणि हिरवी मात्र टोक करून नुसती पडून होती. तांबडीनं रस्ते काढायचे होते, आणि नकाशावर रस्ता काढायला कुणाच्या बापाचं काही जात नाही. निळीनं बाजार, शाळा आणि नगरपालिकेची नवी कचेरी ही कामं उरकली होती. हिरवीनं बाग काढायची होती. ती पेन्सिल कागदावर टेकली रे टेकली, की समोरून कुणीतरी घसा खाकरायचं. "ती जागा आमच्या मेव्हण्यांची आहे हो." पेन्सिल सरकून दुसरीकडे जायची, तर ती जागा कुठल्याशा सोसायटीनं गेल्याच महिन्यात घेतलेली असायची. शेवटी चहा यायचा आणि सभा तहकूब व्हायची.

कांदळपाडा हे ठाण्याच्या पुढं खाडीकाठचं गाव. दुसरं महायुद्ध संपलं, मुंबईत खोल्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा कोकणातले आणि देशावरचे कारकून बिऱ्हाडं घेऊन इथं आले. भाताच्या खाचरांत चाळी उभ्या राहिल्या आणि गावाचं शहर कधी झालं ते गावालाही कळलं नाही. घर आधी की गटार आधी, असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. लोकांनी घर बांधलं आणि गटार आपोआप झालं. पुढं तिथं नगरपालिका आली, तिनं समिती नेमली आणि समितीनं पेन्सिली आणल्या.

बागेचं एवढं अडलं होतं ते नळासाठी. साऱ्या वस्तीला मिळून दोन विहिरी होत्या. नळयोजनेचा अर्ज वरच्या कचेरीत गेला, तेव्हा तिथून उत्तर आलं की ज्या शहराच्या आराखड्यात सार्वजनिक बाग नाही, त्या शहराच्या नळाचा विचार करता येत नाही. लोकांना मोकळा श्वास घ्यायला जागा नसेल तर त्यांनी पाणी तरी का प्यावं, असा काहीतरी त्यामागं विचार असावा.

समितीचे अध्यक्ष आनंदराव केळसकर हे मुंबईत एका विलायती कंपनीत हेडक्लार्क होते. माणूस सरळ, कामाला वाघ, पण कांदळपाडा त्यांनी घरापासून स्टेशनापर्यंतच पाहिला होता. उरलेला कांदळपाडा ते नकाशावर सुधारत. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई पहाटे उठून विहिरीवर नंबर लावत.

"तुमचं शहर सुधारायचं तेव्हा सुधारा," त्या म्हणत, "आधी माझ्या स्वयंपाकघरात नळ आणा. हंडे वाहून खांदा उतरलाय माझा."

अशात एका सभेला तलाठ्याकडून गावच्या जमिनींचा जुना नकाशा आला. केळसकर चष्मा पुसून एकेक जागा वाचू लागले आणि खाडीच्या कडेला येऊन थबकले. तिथं लिहिलं होतं : काळुराम भोईर याचे आगर.

इथं एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. केळसकर मूळचे केळशीचे. तिकडे आगर म्हणजे घरामागची नारळी-पोफळीची बाग. ठाण्याच्या खाडीवर आगर म्हणजे मिठागर. दोन्ही शब्द अस्सल मराठी, दोन्ही आगरांना पाणी लागतं आणि दोन्हींवर त्यांचे धनी जीव टाकतात. एवढं सोडलं तर दोहोंत काडीचं साम्य नाही, कारण एकात सगळं उगवतं आणि दुसऱ्यात गवताचं पातंही उगवत नाही.

"अहो, आगर आहे की आपल्याकडे," केळसकर भरल्या गळ्यानं म्हणाले. "तयार आगर. आणि आपण बाग शोधतोय."

सभासदांतले निम्मे त्यांच्याच बाजूचे, कोकणातले. त्यांचेही गळे भरून आले. देशावरच्या दोघांना आगर म्हणजे काय हे माहीत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आपण कशी विचारायची म्हणून ते गप्प बसले. समितीत गावचा असा एकच माणूस होता, राघो म्हात्रे. ठराव वाचला गेला : 'काळुराम भोईर याचे आगर आहे तसे राखावे.' राघोनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. आजवर ही मंडळी गावच्या जमिनी घेतच आली होती. राखायची भाषा त्यानं प्रथमच ऐकली. हिरवी पेन्सिल अखेर कागदावर टेकली आणि खाडीकाठचा एक मोठा चौकोन हिरवागार झाला.

रविवारी सकाळी काळुराम स्वतः घरच्या पोह्यांची पिशवी घेऊन केळसकरांच्या ओटीवर हजर झाला.

"साहेब, तुमी आमचा आगर राखला. मना राघोनी सांगला."

"राखायलाच हवं. अशी आगरं आता राहिलीत कुठं? केळशीला आमच्या आजोबांचं केवढं आगर होतं."

"तुमी पन आगरवाले?" काळुराम जरा सरसावून बसला.

"पिढ्यान्‌पिढ्या. पाणी कुठलं देता तुम्ही?"

"खाडीचा. भरती आली का दार उघडाचा, पानी आत."

"म्हणजे खारं?"

"खारा नाय तं काय. गोडा पानी शिरला तं सगला फुकट."

केळसकरांना हे पटलं. समुद्रकाठच्या माडाला खारं मानवतं, हे ते लहानपणापासून पाहत आले होते. "मिठाचीच करामत सगळी," ते म्हणाले. "आमचे आजोबा दर वर्षी मूठ मूठ मीठ टाकायचे."

"मूठभर टाकाचा? नि निघाचा किती?"

"घरात वर्षभर पुरून गावाला वाटायचो."

काळुरामानं मनातल्या मनात त्या आजोबांना हात जोडले. मूठभर मीठ टाकून गावाला वाटण्याइतकं काढणारा माणूस त्याच्या उभ्या खाडीत झाला नव्हता.

"आणि उंचीला कसे आहेत तुमचे?" केळसकरांनी विचारलं. काळुरामाच्या डोळ्यांपुढं मिठाचे ढीग आले.

"माज्या डोक्यावरून हातभर जातान."

"म्हणजे अजून कोवळेच."

"आताशी सुरवात हाय. वैशाखान बगाला या."

दोघंही एकमेकांवर बेहद्द खूश होऊन उठले. केळसकर आत जाऊन बायकोला म्हणाले, "माणूस अडाणी दिसतो, पण बागाईतीतलं कळतं हो त्याला." काळुराम घरी जाऊन आपल्या बायकोला, गोदाला म्हणाला, "साहेब बामनावानी बोलतो, पन जातीचा आगरवाला हाय."

आराखडा वर गेला आणि नवल म्हणजे लवकर परत आला. त्यावर जामखेडकर नावाच्या अधिकाऱ्यांनी आगराच्या चौकोनाशेजारी 'अत्यंत समाधानकारक' असा शेरा मारला होता. सोबत सार्वजनिक बागांचे नियम होते. बागेतून काहीही तोडून, काढून किंवा उचलून नेऊ नये. बागेतली माती हलवू नये. बागेवर रखवालदार असावा. अधिकारी लवकरच समक्ष पाहणी करतील आणि मग नळाचा हुकूम सुटेल. नगरपालिकेनं लगोलग आपला शिपाई मारुती याला पट्टा बांधून आगरावर पाठवला.

मारुती मूळचा साताऱ्याकडचा. त्याला समोर मीठ दिसत होतं आणि हुकमात बाग होती. पण आजवर तो तीन कचेऱ्यांत नोकरी करून आला होता आणि तुला काय दिसतं, असं एकाही कचेरीत त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो बांधावर छत्री उघडून बसला.

चैत्र सरत आला होता. वाफ्यांत मीठ धरलं होतं आणि ओढून काढलेल्या मिठाच्या राशी बांधावर पांढऱ्याशुभ्र उभ्या होत्या. काळुराम गाड्या जुंपून आला.

"न्यायचं न्हाई," मारुती म्हणाला.

"काय न्यायचा नाय?"

"काय बी. हुकूम हाय."

"आरं, माजा मीठ हाय ते."

"आसंल. पर बाग नगरपालिकंची हाय."

"कंची बाग?"

मारुतीनं हातातल्या छत्रीनं खाडीपर्यंतचा सगळा मुलूख दाखवला. काळुरामानं त्या दिशेला पाहिलं, मग मारुतीकडे पाहिलं, आणि ह्याला ऊन लागलं असावं म्हणून त्याला प्यायला पाणी दिलं. मारुती पाणी प्यायला, पण गाडी काही सोडीना.

असे दिवस जाऊ लागले तसा काळुरामाचा धीर सुटत चालला. मिठाचा धंदा पावसाच्या आतला. राशी आगराबाहेर जाऊन विकल्या गेल्या तर वर्षाची भाकरी. नाहीतर पहिल्या दणक्यात सगळं आलं तसं खाडीत परत. मावळतीला रोज ढग डोकावू लागले होते. गोदा रोज संध्याकाळी ते बघायची आणि मग नवऱ्याकडे बघायची. शेवटी तो पुन्हा केळसकरांच्या ओटीवर गेला. या वेळी पोहे नव्हते.

"साहेब, राखला म्हनजे काय बांधून ठेवला? मना काढाला देत नाय तुमचा शिपाय."

"नियमच आहे तसा, काळुराम. झाडावरचं काढायचं नाही. पिकून आपोआप खाली पडेल ते बघू मग."

"खालीच हाय ना ते. वर कवा व्हता?"

"मग असू द्या खाली."

"नि पाऊस आला तं? सगला इरघलंल."

"काय विरघळेल?"

"मीठ."

"मिठाचं राहू द्या हो. मी नारळांचं बोलतोय."

"कंचे नारल?"

केळसकरांनी काळुरामाकडे पाहिलं. काळुरामानं केळसकरांकडे पाहिलं. प्रमोदिनीबाई आतून हे सगळं ऐकत होत्या. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"तुम्ही दोघं बसाल असेच संध्याकाळपर्यंत," त्या म्हणाल्या. "अहो, काळुरामभाऊ इथल्या मिठागराचं बोलतायत आणि तुम्ही केळशीत जाऊन बसलायत. आपल्या बरणीतलं मीठ कुठून येतं, हे विचारलंत कधी?"

केळसकर त्या दिवशी जन्मात प्रथम स्टेशनाच्या उलट दिशेला चालत गेले. आगरावर पोचले आणि बांधावर उभे राहिले. वर निळं आभाळ, खाली पांढरं मीठ, मध्ये मारुतीची काळी छत्री. हिरवं म्हणून काही दृष्टीला पडत नव्हतं. ते मारुतीकडे वळले. "अरे मारुती, इथं झाडं नाहीत हे तू मला सांगायचं नाहीस?"

"तुमी बाग राखाय सांगितली व्हती, सायेब. झाडं मोजाय न्हाई."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते वरच्या कचेरीत गेले. तिथला कारकून सभ्य होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मंजूर आराखड्यात दुरुस्ती करता येते, असं तो म्हणाला. जाहीर सूचना काढायची, हरकती मागवायच्या, त्यांची सुनावणी घ्यायची, मग पुन्हा जाहीर सूचना. दोन पावसाळे धरून चाला.

"अहो, पण तिथं बाग नाहीच आहे."

"आराखड्यात आहे ना?"

"आराखड्यात आहे, पण जागेवर मीठ आहे."

"मग बागेत मिठानं अतिक्रमण केलंय असं धरावं लागेल," कारकून सहानुभूतीनं म्हणाला. "आणि ते हटवेपर्यंत नळयोजना थांबेल."

केळसकर परत आले ते खांदे पाडूनच. खरं सांगावं तर नळ गेला. गप्प बसावं तर काळुरामाचं मीठ गेलं. अशात जामखेडकरांच्या पाहणीचा दिवस ठरल्याची चिठ्ठी आली. राघो म्हात्र्यानं तोड काढली. त्याच्या पुतणीचं लग्न नुकतंच झालं होतं आणि मांडवाचे केळीचे खांब अजून वाळले नव्हते.

"बांधावर रोवून टाकू," तो म्हणाला. "लांबून बागच दिसंल. साहेब काय जवल जाऊन पानं मोजनार हाय?"

केळसकरांना हे मुळीच आवडलं नाही. पण घरात प्रमोदिनीबाई उतरलेल्या खांद्याला हळद लावून बसल्या होत्या. ते हो म्हणाले.

जामखेडकर नगरकडचे गृहस्थ, डोक्यावर टोपी, हातात काठी. ते आले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि खाडीवरून वारा सुटला होता. ते बांधावरून बरंच अंतर चालून गेले, मग थांबून मागे वळले.

"बाग कुठं आहे?"

"आपण बागेतच उभे आहात, साहेब," राघो म्हणाला.

त्याच वेळी वाऱ्याची एक झुळूक आली आणि रांगेतला पहिला खांब सावकाश आडवा झाला. मग दुसरा झाला. तिसरा जामखेडकरांच्या पायाशी येऊन पडला. त्यांनी काठीनं तो उलटा करून पाहिला. त्याला मुळं नव्हती, पण खालच्या अंगाला मांडवाची सुतळी होती.

केळसकरांनी काळुरामाकडे पाहिलं. काळुराम खांबांकडे बघत नव्हता, जामखेडकरांकडेही बघत नव्हता. तो मावळतीच्या ढगांकडे बघत होता.

"साहेब, चूक माझी आहे," केळसकर म्हणाले. "आमच्याकडे आगर म्हणजे नारळाची बाग. इथं आगर म्हणजे मिठागर. मी न बघता हिरवा रंग दिला. नळ देऊ नका हवं तर. पण पाऊस यायच्या आत ह्या माणसाचं मीठ सोडवा. त्याचं पोट आहे त्याच्यावर."

जामखेडकर बांधावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि वारा घेऊ लागले. वारा खरोखर झकास होता.

"केळसकर," मग ते म्हणाले, "आमच्या बाजूला आगर म्हणून काही नसतंच. मला शब्द कळला नाही. कचेरीत कुणाला विचारायचं तर लाज वाटली. म्हणून शेरा मारला, अत्यंत समाधानकारक. तो वाचून आमच्या वरच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. आता तिथं बाग नव्हती असं मी त्यांना कसं सांगू?"

मारुतीनं तेवढ्यात साहेबांच्या डोक्यावर छत्री धरली.

"बाग तर राहणारच," जामखेडकर पुढं म्हणाले. "तशी जागा वाईट नाही. एवढं मोकळं आभाळ साऱ्या जिल्ह्यात मी कुठल्या बागेत पाहिलेलं नाही. बांध भक्कम आहेत, संध्याकाळी माणसं फिरतील, पोरं पळतील. चार बाकं टाका. पण मीठ म्हणून इथून खडा हलणार नाही. नियम आहे." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "त्याला एक अपवाद आहे. दुसऱ्या शहरांत बागा करायच्या असतील तर बागेतली रोपं आणि बियाणं नेता येतं. त्याला परवाना मी देतो."

त्यांनी काठी मिठाच्या राशीकडे केली. "हे काय आहे?"

"मीठ," केळसकर म्हणाले.

"नीट बघून सांगा. तुम्ही अध्यक्ष आहात. हे काय आहे?"

केळसकर उभ्या जन्मात खोटं बोलले नव्हते. त्यांनी राशीकडे पाहिलं. मग काळुरामाकडे पाहिलं. काळुरामानं ढगांवरची नजर प्रथमच खाली आणली होती.

"बियाणं असावं," केळसकर म्हणाले.

"उत्तम प्रतीचं दिसतं," जामखेडकर म्हणाले आणि त्यांनी पेन उघडलं.

नळयोजना त्याच आठवड्यात मंजूर झाली. नळाला पाणी यायला पुढं काही वर्षं गेली, पण ती गोष्ट निराळी. प्रमोदिनीबाई तोवर कोरड्या नळाला हळदकुंकू वाहत. संध्याकाळी चाळींतली माणसं खरोखरच बांधावर फिरायला जाऊ लागली आणि केळसकरही जाऊ लागले. मारुती त्यांना 'फुलं तोडू नका' असं सांगे, कारण तसा हुकूम होता.

काळुरामानं मात्र वेळ दवडला नाही. परवाना हाती पडला त्याच दिवशी त्यानं गोण्या भरल्या, गाड्या जुंपल्या आणि कल्याणच्या बाजाराची वाट धरली. मागं आभाळ भरून येत होतं. कल्याणच्या नाक्यावर नाकेदारानं गाड्या अडवल्या आणि परवाना मागून घेतला. तो त्यानं दोनदा वाचला. मग एका गोणीत बोट घातलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे मीठ आहे," तो म्हणाला.

"कागदावर काय लिवलाय?"

"बियाणं."

"मंग."

नाकेदारानं पुन्हा परवाना पाहिला. शिक्का खरा होता, सही खरी होती. जिभेवरचं मीठही खरं होतं, पण जिभेवर शिक्का नव्हता. त्यानं कागद परत केला.

"बरं, पण हे पेरायचं कशात?"

"आमटीत," काळुराम म्हणाला आणि त्यानं बैलांना हाक दिली.